स्केरिटचे दात

"काढा हे," मिस्टर वेदरिल म्हणाले. "डॉक्टर, प्लीज. माझ्या तोंडातून हे काढा."

मला वाटलं, कुठेतरी टोचतंय. कवळीची ट्राय-इन चालू होती. शिंपी कच्चे टाके घालून कपडा अंगावर चढवून बघतो, तसाच हा प्रकार. दात पक्के असतात, पण हिरडीच्या जागी गुलाबी मेण असतं. काही चुकलं तर दात हलवता येतात. एकदा मेणाच्या जागी प्लॅस्टिक आलं की मग फार काही करता येत नाही.

"कुठे लागतंय?" मी विचारलं.

"कुठेच नाही. इतकी चांगली बसणारी कवळी मला आयुष्यात मिळाली नव्हती." ते हातातल्या आरशात बघत होते. "पण हा मी नाही. हा तो आहे."

"तो कोण?"

त्यांनी आरसा मांडीवर पालथा ठेवला आणि माझ्याकडे बघून एकच शब्द उच्चारला, "सर." त्यातल्या 'स'ला एक बारीक, लांबट फुत्कार होता. दारात आमची टेक्निशियन अनुष्का उभी होती. तिनं पटकन तोंडावर हात धरला. तो फुत्कार तिच्या ओळखीचा होता, माझ्याही होता. गेले काही दिवस आम्ही दोघी तो स्क्रीनवर पुन्हा पुन्हा ऐकत होतो.

नव्वदी ओलांडलेला एक ताठ माणूस माझ्या खुर्चीत बसून रडकुंडीला आला होता. आणि मी मात्र शाबासकीची वाट बघत होते, कारण त्या दातांवर मी मनापासून मेहनत घेतली होती.

मी लीड्सच्या एका हॉस्पिटलात दातांच्या विभागात काम करते. माझं काम कवळ्यांचं. पुण्यात शिकत होते तेव्हा कवळी म्हटलं की बरोबरची मुलं नाक मुरडायची. मला मात्र तेच आवडलं. रूट कॅनाल करताना तुम्ही एका दाताशी झुंजता. कवळी करताना अख्ख्या माणसाशी गाठ असते. तो कसा जेवतो, कसा बोलतो, त्याला आरशात कोण दिसायला हवं, सगळं विचारावं लागतं. आणि मी नेमकं तेच विचारलं नव्हतं.

मिस्टर स्टॅनली वेदरिल हे नट होते. होते म्हणजे आहेत. "होतो" म्हटलेलं त्यांना चालत नाही. पहिल्या दिवशी मी सहज म्हणाले, "तुम्ही अॅक्टर होतात असं रेफरलमध्ये लिहिलंय." त्यावर त्यांनी मला लगेच सुधारलं, "आहे, डॉक्टर शबनीश. अजून आहे."

माझं आडनाव सबनीस. इंग्रज माणसं त्याचं काय वाटेल ते करतात, पण हा प्रकार वेगळा होता. त्यांची कवळी फार जुनी होती. बेसिनमध्ये पडून एकदा दुभंगली, चिकटवली, पुन्हा दुभंगली. दात झिजून सपाट झाले होते. प्रत्येक 'स'चा 'श' होत होता, मधूनच शिट्टीही वाजत होती. आम्ही बऱ्याचदा जुन्या कवळीची हुबेहूब नक्कल करतो. इथे नक्कल करावी असं काही उरलंच नव्हतं.

त्यांना नवी कवळी नुसती जेवायला नको होती. एडिनबराची एक लहानशी कंपनी रेडिओसाठी नाटक करत होती. त्यात एक म्हातारा जहाजाचा कॅप्टन आहे. त्याचं जहाज बुडालं आहे आणि तो चौकशी समितीसमोर उभा राहून सगळा प्रसंग सांगतो. सबंध नाटकभर तोच बोलतो. नाटकाच्या डिरेक्टर बाईंनी मिस्टर वेदरिलना कुणाच्या तरी अंत्यविधीला बायबलमधला उतारा वाचताना ऐकलं होतं, कवळी फुटायच्या आधी. त्यांना हाच माणूस हवा होता. पण फोनवर शिट्ट्या ऐकून त्या गांगरल्या. म्हणाल्या, एडिनबराला येऊन वाचून दाखवा. शब्द स्वच्छ आले तर भूमिका तुमची, नाहीतर आमच्याकडे दुसरे एक गृहस्थ तयार आहेत. त्या तारखेला दीड महिना उरला होता.

"दुसरे गृहस्थ कोण ते मला ठाऊक आहे," मिस्टर वेदरिल म्हणाले. "माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे. सगळे दात स्वतःचे. मला तो कधीच आवडला नाही."

"आपण करू," मी म्हणाले. मी पेशंटला सहसा असा शब्द देत नाही. पण या वयात कामासाठी इतका हट्टाला पेटलेला माणूस मी पाहिला नव्हता, आणि हट्टाच्या बाबतीत मीही काही कमी नाही.

कवळीसाठी तोंडाचं माप घेताना पेशंटला काही मिनिटं गप्प बसावं लागतं. साच्याचा लगदा तोंडात घट्ट व्हावा लागतो. तेवढा वेळ मिस्टर वेदरिल डोळ्यांनी बोलत. लगदा बाहेर आला की राहिलेलं तोंडानं बोलत. असं तुकड्यातुकड्यांनी मला त्यांचं करिअर कळलं. लीड्सजवळच्या कीथली गावातल्या गिरणी कामगाराचा हा मुलगा. लहान नाटक कंपनीत दर आठवड्याला नवं नाटक. सकाळी पुढच्या आठवड्याचं पाठ करायचं, संध्याकाळी या आठवड्याचं करायचं. मग टीव्ही आला. तेव्हा टीव्हीवरची नाटकं थेट दाखवत, चुकलं तर चुकलं. एकदा समोरचा नट पुढचं वाक्य विसरला, तेव्हा यांनी त्याचीही वाक्यं प्रश्नाच्या रूपात म्हणून प्रवेश पार पाडला. मग दोन-तीन चित्रपटांत लहान कामं. एकात खुनी, एकात पाद्री.

आणि मग स्केरिट.

समुद्रकाठच्या एका हॉटेलवर बेतलेली मालिका होती. त्यात सामान उचलणारा पोर्टर म्हणजे स्केरिट. पुढे आलेले दात, वाकलेली पाठ, आणि प्रत्येक पाहुण्याला, मग ती बाई का असेना, फुत्कार टाकत "सर" म्हणायची लकब. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मालिका कित्येक वर्षं चालली. मालिका संपली, पण स्केरिट संपला नाही. त्यानंतर मिस्टर वेदरिलना पोर्टर, वेटर, नोकर यापलीकडे काम मिळालं नाही. दुकानाचं उद्घाटन करायला बोलवायचे तेही स्केरिट म्हणून. बायकोच्या अंत्ययात्रेत एक माणूस त्यांच्या कानाशी येऊन "सर" म्हणाला आणि हसला.

"या पोर्टरनं माझं सगळं सामान नेलं, डॉक्टर," ते म्हणाले. "परत काही आणून दिलं नाही. कॅप्टनला मी माझ्या आवाजात बोलायला लावणार आहे. एकदाच. मग मला काही नको."

हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

कवळीत पुढचे दात कुठे बसवायचे हा मोठा प्रश्न असतो. तोंडात एकही दात नसतो, मग मूळ जागा कळणार कशी? आमची नेहमीची युक्ती म्हणजे जुने फोटो मागवायचे. लग्नातले, सहलीतले. हसताना दात किती दिसायचे, ओठांच्या किती पुढे होते, यावरून अंदाज बांधायचा. मी मिस्टर वेदरिलना फोटो मागितले. ते म्हणाले, "नाहीत." मग म्हणाले, "आम्ही कधी दात दाखवून हसत नव्हतो." आणि विषय बदलला.

मला वाटलं, एकटा म्हातारा आहे, कुठे शोधत बसेल. घरी गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. अविनाश रिटायर्ड भूलतज्ज्ञ आहे. त्याच्याकडे वेळ भरपूर, आणि टीव्हीवर काय कुठे मिळतं याची माहिती त्याहून भरपूर. जेवण होईपर्यंत त्यानं स्केरिटची जुनी मालिका शोधून काढली.

"अगं, नट आहे तो माणूस," अविनाश म्हणाला. "फोटो कशाला मागतेस? त्याचं तोंड तासन् तास रेकॉर्ड केलेलं आहे."

मला ते एकदम पटलं. कुठल्या पेशंटचे दात बोलताना, हसताना, बाजूनं, समोरून असे बघायला मिळतात? मी अनुष्कालाही कामाला लावलं. अनुष्का माझ्या मैत्रिणीची मुलगी. लीड्समध्येच जन्मली, वाढली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कवळ्या करते. पेशंटसमोर मला डॉक्टर म्हणते, लॅबमध्ये मावशी.

"मावशी, हा फ्रेम बघ," ती म्हणाली. "इथे ओठ पूर्ण वर गेली आहे. Perfect आहे. दोन डोळ्यांमधला distance माहीत आहे ना आपल्याला? त्याच्यावरून दाताची width काढू."

आम्ही मोजमापं घेतली. चित्र थांबवून, पुढे-मागे करून, 'स' म्हणताना दात कुठे येतात ते टिपलं. 'स'चं गणित सोपं आहे. 'स' म्हणताना वरचे आणि खालचे पुढचे दात अगदी जवळ येतात, पण टेकत नाहीत. मध्ये एखादं पोस्टकार्ड सरकेल एवढी फट राहते. त्या फटीतून हवेचा झोत नीट गेला की 'स'. फट वाढली की 'श'. झोत भलतीकडे वळला की शिट्टी. मालिकेत दात बरेच पुढे होते. मी म्हटलं, असतील. तरुणपणीचे स्वतःचे दात होते ते, आणि माणूस त्यांच्यासकटच बोलायला शिकलेला असतो. अनुष्कानं हुबेहूब तसे बसवले. मिस्टर वेदरिलना आम्ही काहीच सांगितलं नाही. आम्हाला त्यांना चकित करायचं होतं.

ते झालेच चकित.

मी मेणाची कवळी बाहेर काढली. ते पाणी प्यायले, रुमालानं तोंड पुसलं, आणि खिडकीकडे बघत राहिले.

"ते माझे दात नव्हते," ते म्हणाले. "स्केरिटचे होते."

"म्हणजे?"

"म्हणजे खोटे. मेकअपवाल्यानं केलेली कवळी. माझे दात त्याआधीच गेले होते."

आता चकित व्हायची पाळी माझी होती. मी विचारलं, तेव्हा तर तुम्ही तिशीतही नव्हता, मग तुमचे खरे दात कुठे गेले? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी इतकी वर्षं या देशात कवळ्या करून फक्त पुसट ऐकलं होतं. त्यांच्या भागात तेव्हा पद्धत होती. मुलगा एकवीस वर्षांचा झाला, किंवा मुलीचं लग्न ठरलं, की सगळे दात काढून टाकायचे. किडलेले, चांगले, सगळे. आणि पूर्ण कवळी भेट द्यायची. आयुष्यभराची दातदुखी एका दिवसात मिटली. मिस्टर वेदरिलना ही भेट त्यांच्या आईनं दिली होती. बिचारीनं त्यासाठी कित्येक महिने गिरणीत जादा काम केलं होतं.

"मला गिफ्ट आवडली होती," ते म्हणाले. "सरळ, पांढरे दात. नाटक कंपनीत मला त्यांच्यामुळेच घेतलं असेल."

आणि स्केरिटही त्यांच्यामुळेच मिळाला. इतर नटांना पुढे आलेले दात दाखवायचे तर खऱ्या दातांवर खोट्यांचं टोपण चढवावं लागे, आणि मग बोलताना ते पडे. यांची अख्खी वरची कवळीच बदलता येत होती. मेकअपवाल्याकडे यांच्या नावाचा डबा होता. त्यात खुन्याचे दात वेगळे, पाद्र्याचे वेगळे, स्केरिटचे वेगळे. कंपनीनं बजावलं होतं, बाहेर बोलायचं नाही. लोकांना स्केरिट खरा वाटला पाहिजे. ती बंदी घालणारे सगळे कधीच देवाघरी गेले होते. हे अजून पाळत होते.

"फोटो मागितलेत तेव्हा सांगायला हवं होतं मी," ते म्हणाले. "पण एका डेंटिस्टला कसं सांगणार, की मी एकवीस वर्षांचा असताना सगळे धडधाकट दात काढून घेतले?"

मला स्वतःचाच राग आला होता. जो माणूस मला सांगत होता की या पोर्टरपासून मला सोडवा, त्याच्याच तोंडात मी तो पोर्टर मापं घेऊन बसवला होता. आणि त्या आनंदात त्याला एक साधा प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं. चांगलीच तोंडघशी पडले होते मी.

"ते वितळवून टाका," जाताना मिस्टर वेदरिल म्हणाले.

"टाकते," मी म्हणाले. "आणि पुढच्या सोमवारी या. येताना कॅप्टनचं भाषण घेऊन या."

दुपारी मॅनेजर ग्रॅहमनं मला गाठलं. ग्रॅहम वाईट माणूस नाही. वेटिंग लिस्टचा आकडा मात्र त्याच्या डोळ्यांसमोरून कधी हलत नाही.

"संध्या, या पेशंटच्या ठरलेल्या अपॉइंटमेंट्स संपत आल्या."

"मला अजून लागतील."

"किती?"

"त्याला 'स' म्हणता येईपर्यंत."

"कवळी बसते ना? जेवता येतं ना?"

"तो जेवायला आलाच नाहीये, ग्रॅहम. तो कामावर जायला आलाय. गवंड्याचा हात आपण बरा केला आणि त्याला विटा उचलता येईनात, तर आपण काम झालं म्हणू का?"

ग्रॅहमनं उसासा टाकला. "लंच टायममध्ये बघ त्याला. क्लिनिकच्या वेळेत नाही."

माझं जेवण तसंही सँडविचच असतं. मी हो म्हणाले.

आता नवीन अडचण. फोटो नाहीत, फिल्म नाही, स्वतःच्या दातांची आठवण देणारं काहीच नाही. आईनं दिलेली पहिली कवळी कधीच हरवली होती. मिस्टर वेदरिलचा स्वतःचा आवाज फक्त त्यांच्या कानात शिल्लक होता. मग कानानंच शोधायचं ठरवलं. दातांच्या जागी आधी नुसती मेणाची पट्टी घ्यायची, पेशंटला बोलायला लावायचं, आणि ऐकत ऐकत मेण खरवडायचं किंवा वाढवायचं. ही पद्धत पुस्तकात आहे. वेळखाऊ म्हणून कुणी फारसं करत नाही.

सोमवारी ते खुर्चीत बसले. मी मेणाची पट्टी घातली. त्यांनी कॅप्टनचं पहिलं वाक्य म्हटलं, "सर, त्या सकाळी समुद्र शांत होता." ठीक होतं. मी थोडं खरवडलं, जरा बरं झालं. आणखी खरवडलं, तर स्वच्छच आलं. मी खूश झाले. पण ते मान हलवत राहिले.

"हा पेशंटचा आवाज आहे," ते म्हणाले. "मान मागे टेकवून, तुमच्याशी हळू बोलतोय मी. कॅप्टन उभा आहे."

ते उठले, पाय थोडे फाकवून उभे राहिले, छातीत हवा भरली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. खिडकीची काच हलली असेल. आणि प्रत्येक 'स' फुटला.

हे मला कुठल्याही पुस्तकानं सांगितलं नव्हतं. मान मागे टेकवली की खालचा जबडा मागे सरकतो. उभं राहून, मोठ्यानं, लांबवर आवाज टाकताना तो पुढे येतो आणि जास्त उघडतो. पोस्टकार्डाची फट खुर्चीत एक असते आणि रंगमंचावर दुसरी. मी इतकी वर्षं बसलेल्या माणसांच्या कवळ्या करत होते. बहुतेकांना तेवढी पुरते. यांना पुरणार नव्हती.

म्हणून आम्ही कॉरिडॉरमध्ये गेलो. मिस्टर वेदरिल एका टोकाला उभे राहिले. दुसऱ्या टोकाला, लिफ्टपाशी, अनुष्का. मी यांच्या बाजूला, हातात गरम सुरी आणि मेण. ते भाषण म्हणत. 'स' बिघडला की अनुष्का लांबून हात वर करी. मी पट्टी काढून किंचित खरवडत असे, ती पुन्हा तोंडात जाई, आणि ते पुन्हा त्याच वाक्यापासून सुरुवात करत. लंचला निघालेल्या नर्सेस भिंतीला चिकटून जात होत्या. एकीनं विचारलं, "ऑल राइट, लव्ह?" ते म्हणाले, "जहाज बुडतंय. बाकी ठीक."

थोड्या वेळानं अनुष्काचा हात वर जाईनासा झाला. मला वाटलं, झालं. त्यांनी मान हलवली.

"सगळे शब्द clear येत आहे," अनुष्का ओरडून म्हणाली.

"ती काय म्हणते?"

"स्वच्छ ऐकू येतंय म्हणते."

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पण मी नाही. वरून थोडं जड वाटतंय. जिभेला आत जागा कमी आहे."

ते दमले होते. भिंतीचा आधार घेत होते. मी म्हणाले, आज राहू द्या. ते म्हणाले, नाही. मी टाळूकडचं मेण पातळ केलं. अगदी थोडं. पुन्हा नाही. आणखी थोडं. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि ग्रॅहम बाहेर आला.

"हे काय चाललंय? खाली रिसेप्शनपर्यंत आवाज येतोय."

मी काही बोलायच्या आत मिस्टर वेदरिल सरळ झाले. भिंत सोडली. त्यांनी ग्रॅहमकडे बघितलं. टाय लावलेला, हातात फाइल घेतलेला, रागावलेला साहेब. त्यांना हवी होती तीच चौकशी समिती.

"सर," ते म्हणाले.

तो 'स' कसा होता हे लिहून सांगता येत नाही. त्यात फुत्कार नव्हता, शिट्टी नव्हती. एका थकलेल्या माणसानं दुसऱ्यासमोर, त्याला काय शिक्षा होईल हे माहीत असताना, मान न झुकवता उच्चारलेला शब्द होता. ते तिथे अर्धा क्षण थांबले, आणि मला कळलं की त्यांनीही ऐकलं आहे. मग पुढे गेले. "सर, त्या सकाळी समुद्र शांत होता. दोष समुद्राचा नाही." आणि पुढचं सगळं. सबंध भाषण, न थांबता. ग्रॅहम फाइल छातीशी धरून उभा राहिला. त्यानं एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

संपल्यावर तो माझ्याजवळ आला. "किती अपॉइंटमेंट्स पाहिजेत?" त्यानं हळूच विचारलं.

"दोन."

"घे," तो म्हणाला, आणि जिन्यानं खाली गेला. लिफ्ट समोर उघडीच होती.

मिस्टर वेदरिल माझ्याकडे वळले. मेणाची पट्टी अजून तोंडात होती. "हलवू नका," ते म्हणाले. "एवढंसंही हलवू नका. हा मी आहे."

मी हलवलं नाही. त्या पट्टीवरच अनुष्कानं दात बसवले, आधीच्यापेक्षा लहान आणि बरेच आत. एडिनबराच्या वाचनाच्या आदल्या दिवशी पक्की कवळी त्यांच्या तोंडात गेली. स्टेशनकडे जाणाऱ्या बसमध्ये बसेपर्यंत ते स्वतःशी पुटपुटत होते. त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. आपण कुणाला शब्द देऊ नये तो याचसाठी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लिनिकच्या फोनवर निरोप आला. त्याच दिवशी रुजू झालेल्या रिसेप्शनिस्टनं तो चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. "डॉक्टर सबनीसना सांगा, दुसरे गृहस्थ घरी गेले." माझं आडनाव तिनं विचारून घेतलं नव्हतं. फोनवर ऐकलं तसंच लिहिलं होतं, आणि बरोबर लिहिलं होतं.

नाटक रेडिओवर लागलं तेव्हा आम्ही ते स्वयंपाकघरात ऐकलं. अविनाश, मी आणि जेवायला आलेली अनुष्का. पोळ्या गार झाल्या.

त्यानंतर मिस्टर वेदरिल कवळी तपासून घ्यायला आले. हिरडी ठीक होती. मी विचारलं, स्टुडिओत कसं झालं?

"कुणी ओळखलं नाही," ते म्हणाले. "साउंडवाल्या मुलानं माझं नाव विचारलं. स्पेलिंगसकट." मी हे कुठल्याही दुसऱ्या नटाकडून ऐकलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. त्यांचा चेहरा उजळला होता.

मग ते जरा घुटमळले. "डॉक्टर, ते पहिले दात. वितळवलेत ना?"

"हो," मी म्हणाले.

अनुष्का मागे लॅबच्या दारात होती. "मावशी," ती मराठीत म्हणाली, "तू सांगितलं होतं, but मला नाही जमलं. माझ्याकडे आहे ते. डब्यात."

मी कपाळाला हात लावला. मिस्टर वेदरिलना सांगावंच लागलं. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "बघू."

तिनं डबा आणला. त्यांनी स्वतःची वरची कवळी काढून माझ्या हातात दिली, एखाद्याकडे चष्मा धरायला द्यावा तशी, आणि स्केरिटचे मेणातले दात बसवले. पाठ वाकवली. दार उघडून वेटिंग रूममध्ये डोकावले. तिथे काठी घेऊन एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, बाजूला खरेदीची पिशवी.

"बॅग घेऊ का, सर?" ते फुत्कारले.

बाईंनी दचकून वर पाहिलं. मग त्यांचं सगळं तोंड हसलं. "अरे देवा. तुम्ही स्केरिट ना?"

मिस्टर वेदरिलनी वळून माझ्यापुढे हात केला. मी त्यांची कवळी दिली. त्यांनी मेणाचे दात काढून डब्यात ठेवले, आपले बसवले, पाठ सरळ केली, आणि बाईंकडे बघून स्वच्छ आवाजात म्हणाले, "होतो."

तो डबा ते घरी घेऊन गेले. मी कानाला खडा लावला आहे. नव्या पेशंटनं फोटो आणला की आधी विचारते, यातले दात तुमचेच ना? लोक विचित्र नजरेनं बघतात. बघू देत. आणि ज्याला बोलायचं काम आहे त्याला मी खुर्चीतून उठवते. ग्रॅहमनं आमच्या कॉरिडॉरमध्ये 'शांतता राखा' अशी पाटी लावली होती. ती सध्या काढलेली आहे.